ढेकणाच्या खात्यावर नावे काय, जमा काय?

आपल्या समाजाच्या घरांतून या जीवाला तीन नावे आहेत. मराठी बोलणाऱ्या घरांत तो ढेकूण, गुजराती घरांत मांकड आणि मारवाडी-हिंदी घरांत खटमल. नावे तीन असली तरी रीत सर्वत्र एकच. घरात तो आढळला की त्याचा उच्चार कुजबुजत करावयाचा. शेजाऱ्यांना कळू द्यावयाचे नाही, व्याह्यांना तर मुळीच नाही. सुट्टीला आलेल्या मुलाच्या वसतिगृहातील पेटीतून तो आला, की लग्नसराईत रेल्वेने आलेल्या पाहुण्यांच्या वळकटीतून, याचा शोध दबक्या आवाजात चालतो. आणि तोवर तो दिवाणखान्यातील सोफ्यात व पेढीवरील गादी-तक्क्यांत ठाण मांडून बसतो.

या संकोचाचे मूळ एका समजुतीत आहे: ढेकूण म्हणजे अस्वच्छता आणि अस्वच्छता म्हणजे रोगराई. समजुतीचा पहिला भाग फारसा खरा नाही. ढेकणाला घाण लागत नाही. त्याला लागते झोपलेले माणूस आणि लपावयास एखादी फट. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिससारख्या नगरीत चित्रपटगृहे आणि आगगाड्या यांतील ढेकणांवरून केवढा गहजब उडाला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. दुसरा भाग मात्र गंभीरपणे तपासण्याजोगा आहे. ढेकूण रक्त पितो. एकाचे पिऊन दुसऱ्याचे पितो. मग डास जसा हिवताप पसरवतो, तसा ढेकूण काही पसरवतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या उत्तरावर आपण घरात कोणता उपाय करावयाचा हे अवलंबून असल्यामुळे, ढेकणाच्या खात्यावर नावे काय पडते आणि जमा काय होते, हे एकदा नीट मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

तीन इंद्रियांचा जीव

आपल्या शास्त्रकारांनी ढेकणाची गणना त्रींद्रिय जीवांत केली आहे. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात तो ऊ, मुंगी, वाळवी यांच्या पंक्तीत येतो. स्पर्श, रसना आणि घ्राण ही त्याची इंद्रिये. आधुनिक कीटकशास्त्र त्याला लहानसे डोळे असल्याचे सांगते. परंतु अंधारात माणूस शोधताना त्याची मुख्य भिस्त असते ती आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि अंगाचा गंध यांवर.

माणसाच्या रक्तावर जगणाऱ्या ढेकणांच्या दोन मुख्य जाती आहेत. थंड प्रदेशात आढळणारी ‘सायमेक्स लेक्टुलॅरियस’ आणि उष्ण प्रदेशातील ‘सायमेक्स हेमिप्टेरस’. आपल्याकडे प्रामुख्याने दुसरी. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच-सहा मिलिमीटर लांब, मसुराच्या डाळीसारखा चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. अंडे पांढरट, खसखशीच्या दाण्याएवढे. अंड्यातून बाहेर आल्यावर प्रौढ होईपर्यंत त्याला पाच अवस्थांतून जावे लागते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी रक्ताचे एक जेवण घ्यावे लागते. जेवणास पाच ते दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर तो अंगावर राहत नाही. खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीवरील तसबिरीमागे परत जातो. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात तो जातो तो आपल्याच सामानातून, किंवा भिंतीच्या भेगांतून आणि नळांच्या वाटेने. अन्नावाचून तो काही महिने तग धरू शकतो. म्हणूनच बंद ठेवलेले घर उघडल्यावरही तो तेथे भेटतो.

त्याच्या पोटातील भागीदार

व्यापारी कुटुंबांना भागीदारीचे महत्त्व सांगावयास नको. ढेकणाचा सारा संसार अशाच एका भागीदारीवर चालतो, आणि तो भागीदार आहे एक सूक्ष्म जंतू.

केवळ रक्तावर जगणे वाटते तितके सोपे नाही. रक्तात प्रथिने भरपूर, पण ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे अपुरी. मग ढेकूण ती आणतो कोठून? जपानमधील त्सुकुबा येथील संशोधक ताकाहिरो होसोकावा आणि ताकेमा फुकात्सु यांच्या गटाने २०१० मध्ये या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. ढेकणाच्या शरीरात, प्रजनन अवयवांलगत, जंतूंसाठी जणू स्वतंत्र कोठार असते. त्या कोठारात ‘वोल्बाकिया’ नावाचे जीवाणू राहतात आणि ते ही जीवनसत्त्वे तयार करून यजमानाला पुरवतात. संशोधकांनी रक्तात प्रतिजैविक मिसळून ढेकणांना पाजले, तेव्हा वोल्बाकिया नाहीसे झाले. ढेकणांची वाढ खुंटली आणि त्यांना निकोप संतती होईना. त्याच रक्तात ‘ब’ जीवनसत्त्वे घातली, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. आई आपल्या अंड्यांतून हे जीवाणू पुढच्या पिढीस देते. मुलाने वडिलांची पेढी चालवावी तशी ही भागीदारी वंशपरंपरेने चालते. २०१४ मध्ये याच गटातील शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बायोटिन हे जीवनसत्त्व बनवण्याची विद्या या वोल्बाकियाची मूळची नव्हे. ती त्याने कधीकाळी दुसऱ्या एका जीवाणूकडून उचललेली आहे.

वोल्बाकिया हा ढेकणाचा मित्र असला तरी माणसाला तो बाधत नाही. प्रत्येक जंतू हा रोगजंतूच असतो, हा आपला समज सोडून देण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

दोन जुने खटले

आता रोगजंतूंकडे वळू. ढेकणावरील पहिला मोठा आरोप प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढे हा रोग पुणे, सातारा करीत महाराष्ट्रभर पसरला. वाल्डेमार हाफकिन त्याच वर्षी मुंबईत आले आणि त्यांनी प्लेगची लस तयार केली; परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस आज हाफकिन संस्था म्हणून आपण ओळखतो. त्या काळी रोग नेमका कशाने पसरतो हे कोणासच ठाऊक नव्हते. पथके घराघरांत शिरत, अंथरुणे जाळीत, भिंतींना चुना फाशीत. संशयितांच्या यादीत घरातील प्रत्येक किडा होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसवेकडे बोट दाखवले. पुढे परळच्याच प्रयोगशाळेत प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी ते पक्के केले.

तथापि ढेकूण पूर्णपणे सुटला नव्हता. व्हर्जबित्स्की या रशियन डॉक्टरचे प्रयोग १९०८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. प्लेगग्रस्त प्राण्याचे रक्त प्यायलेल्या ढेकणांत प्लेगचे जंतू काही दिवस जिवंत राहतात आणि प्रयोगशाळेत अशा ढेकणांकडून दुसऱ्या प्राण्याला रोग देवविता येतो, असे त्यांत दिसले. परंतु प्रयोगशाळेतील पिंजरा आणि गल्लीतील घर यांत फरक असतो. साथीचा माग काढला असता तो प्रत्येक वेळी उंदीर आणि पिसवा यांच्यापाशीच जाऊन पोहोचला. ढेकणांचा उपद्रव एरवीही सर्वत्र होताच. प्लेग मात्र उंदीर मरत त्या घरांत आधी येई.

दुसरा खटला काळा आजाराचा, आणि तो अधिक लांबला. आसाम, बंगाल व बिहार येथे या तापाने गावेच्या गावे ओस पडली. १९०३ मध्ये त्याच्या परजीवीचा शोध लागला. लंडनमध्ये लीशमन आणि मद्रासमध्ये डोनोव्हन या दोघांची नावे त्याला मिळाली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी तो परजीवी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. मानवी शरीरापेक्षा कमी तपमानात तो शेपटी फुटून पोहू लागतो, हे पाहून त्यांनी तर्क केला की एखादा कीटकच त्याचा वाहक असला पाहिजे, आणि संशय ढेकणावर गेला. मद्रासमध्ये पॅटन यांनी १९०७ पासून ढेकणांना रुग्णांचे रक्त पाजले. ढेकणाच्या पोटात परजीवी रूप पालटतो असे त्यांना दिसले. त्यांची खात्री पटली. वर्षानुवर्षे भारतातील संशोधन ढेकणाभोवती फिरत राहिले.

खरा गुन्हेगार होता एक इवलीशी माशी, वालुकामक्षिका. १९२४ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेतील नोल्स, नेपिअर आणि स्मिथ यांनी तिच्या पोटात परजीवी वाढताना पाहिला. पण तिच्या दंशाने रोग होतो हे काही केल्या सिद्ध होईना, कारण प्रयोगातील माश्या त्यापूर्वीच मरून जात. अखेर १९४० च्या सुमारास स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांना ध्यानात आले की रक्तपानानंतर या माशीस मनुकांच्या रसावर ठेवले, तर ती जगते आणि परजीवी तिच्यात भरभरून वाढतो. ही युक्ती वापरून १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात, स्वतःहून पुढे आलेल्या पाच माणसांवर, माशीच दोषी असल्याचे सिद्ध केले. जवळजवळ चार दशकांनंतर ढेकूण निर्दोष सुटला.

पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि अग्निमुख नावाचा ढेकूण यांची गोष्ट आहे. राजाला चावतो अग्निमुख, तो फटीत लपतो आणि शोधाशोधीत जीव जातो तो बिचाऱ्या उवेचा. काळा आजाराच्या प्रकरणात ही गोष्ट उलटी घडली: चावली माशी आणि पकडला गेला ढेकूण. या चुकीची किंमत मोठी होती. जितकी वर्षे संशय ढेकणावर खिळला, तितकी वर्षे माशीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

सापडणे निराळे, पसरवणे निराळे

तेव्हापासून आजवर चाळीसांहून अधिक रोगजंतूंच्या बाबतीत ढेकणावर संशय घेण्यात आला. त्यांतील कित्येक ढेकणाच्या शरीरात सापडलेही. तथापि नित्याच्या जीवनात ढेकणाच्या दंशाने माणसाला अमुक रोग झाला, असे निर्विवाद सिद्ध झालेले उदाहरण नाही. बँकेत रोखपालाच्या पेटीत एखादी खोटी नोट आढळली, म्हणून ती त्याने छापली किंवा चालवली असे सिद्ध होत नाही; ती त्याच्याकडे आली एवढेच सिद्ध होते. ढेकणाचेही तसेच आहे.

कावीळ ‘ब’ चे उदाहरण घेऊ. या विषाणूचे अंश आफ्रिकेतील ढेकणांत सापडले होते आणि तेथील मुलांना हा रोग ढेकणांमुळे होत असावा असा दाट संशय होता. गांबिया देशात मग सरळ परीक्षा घेण्यात आली. काही घरांत फवारणी करून ढेकूण आटोक्यात आणले, काही घरे तशीच ठेवली आणि मुलांच्या रक्ताची तपासणी केली. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला: ढेकूण कमी झाले, काविळीच्या लागणीत फरक पडला नाही. एड्सचा विषाणू ढेकणाच्या पोटात काही काळ राहतो, पण तेथे त्याची वाढ होत नाही आणि दंशातून तो पुढे जात नाही. डासाच्या बाबतीत हिवतापाचा परजीवी पोटातून लाळग्रंथीपर्यंत प्रवास करतो आणि लाळेबरोबर आपल्या रक्तात उतरतो. ढेकणात शिरलेल्या बहुतेक जंतूंना हा प्रवास साधत नाही; ते त्याच्या पोटातच पचून जातात किंवा विष्ठेतून बाहेर पडतात.

सावध राहावे अशाही काही नोंदी आहेत आणि त्या दडवणे योग्य होणार नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात २०११ मध्ये तीन रुग्णांच्या अंगावरील पाच ढेकूण तपासले असता, त्यांवर औषधांना दाद न देणारे जीवाणू आढळले. संख्या अगदी लहान आहे आणि ते जीवाणू रुग्णांच्या त्वचेवरूनच ढेकणावर गेले असण्याचा संभव आहे. परंतु खाजवून झालेल्या जखमेला असे जीवाणू त्रासदायक ठरू शकतात. दक्षिण अमेरिकेतील शागास रोगाचा परजीवी ढेकणांमार्फत उंदरांना होऊ शकतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेरू देशातील प्रयोगांत दिसले. पहिल्या महायुद्धातील खंदकज्वराचा जीवाणूही प्रयोगशाळेत ढेकणाच्या विष्ठेत जिवंत राहतो, असे २०१५ मध्ये फ्रान्समध्ये आढळले. हे सारे प्रयोगशाळेतील आहे. शागास आपल्या देशातला रोगही नाही. तरीही हा विषय शास्त्रज्ञांनी बंद केलेला नाही, हे खरे.

नावे पडणाऱ्या खऱ्या रकमा

रोगप्रसाराच्या आरोपातून सुटला, म्हणून ढेकूण निरुपद्रवी ठरत नाही. त्याच्या नावे पडणाऱ्या रकमा निराळ्या आहेत. पहिली रक्कम त्वचेची: खाज, गांधी आणि खाजवून होणाऱ्या जखमा. लहान मुलांत या जखमा पिकतात. दुसरी रक्कम झोपेची. वृद्ध आई-वडील, परीक्षेस बसणारी मुले आणि पहाटे दुकान उघडणारा घरधनी यांची झोप महिनोन्‌महिने मोडली, तर तो साधा त्रास राहत नाही. चिंता व चिडचिड घर करते. तिसरी रक्कम रक्ताची. उपद्रव अतिशय वाढलेल्या घरांत वृद्धांना व बालकांना रक्तक्षय झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. चौथी रक्कम अलीकडे उघड झाली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की ढेकणांच्या विष्ठेतून हिस्टामिन नावाचे द्रव्य घरातील धुळीत साठते आणि ढेकूण संपल्यावरही ते काही महिने टिकते. ॲलर्जीच्या विकारांत आपल्या शरीरात उसळणारे द्रव्य ते हेच. दमेकरी असलेल्या घरांनी याची नोंद घ्यावी.

दंशाचा संशय आल्यास प्रथम निदान करून घ्यावे. अंगावर एका ओळीत उठलेल्या गांधी, चादरीवर शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग आणि गादीच्या शिवणीत सापडणाऱ्या कातींची टरफले ही ढेकणाची लक्षणे. केवळ गांधींवरून डास की ढेकूण हे सांगणे डॉक्टरांनाही कठीण जाते. जखमा पिकल्या असल्यास घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणच्या त्वचारोग विभागात किंवा आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे दाखवावे. दंशामुळे कावीळ किंवा एड्सची तपासणी करण्याची गरज नाही.

डीडीटीचा धडा आणि गोदामातील गोळी

घराघरांतील मोठी रक्कम आणखी वेगळीच आहे, आणि ती ढेकणाच्या नावे टाकता येत नाही; ती आपल्या भीतीच्या नावे पडते.

साठीपुढील वाचकांना हिवताप निर्मूलनाचे फवारणीवाले आणि भिंतीवर रंगाने घातलेल्या त्यांच्या तारखा आठवत असतील. तत्कालीन मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ पासून धारवाड व कारवार भागांत डीडीटी फवारणीचे पथदर्शी काम केले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम देशभर सुरू झाला. गावकऱ्यांनी त्या फवारणीचे स्वागत केले, त्याचे एक मोठे कारण डास नसून ढेकूण हेच होते. पहिल्या फवारणीत खाटा ढेकणांपासून मोकळ्या झाल्या. परंतु हवाई बेटांवर १९४७ मध्येच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते आणि पुढे तीच गोष्ट आपल्याकडेही घडली. ढेकूण परतले, तेव्हा फवारणीवरील लोकांचा विश्वास उडाला आणि पथकांना दारातूनच परत पाठवले जाऊ लागले. डीडीटीनंतर आलेल्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांचेही आज तेच झाले आहे. जे ढेकूण वाचतात त्यांचीच संतती वाढते. दुकानातून आणलेला फवारा वारंवार मारल्याने घरातील माणसांच्या श्वासात औषध जाते, ढेकूण मात्र शेजारच्या खोलीत सरकतो.

याहून भयंकर गोष्ट म्हणजे धान्याच्या गोदामात वापरावयाच्या गोळ्या. आपल्यातील अनेक कुटुंबांची जुन्या मोंढ्यात वा जाधववाडीत आडत आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या त्यांना अपरिचित नाहीत. हवेतील दमटपणा लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंदिस्त गोदामात, जाणकारांच्या देखरेखीखाली, माणसे बाहेर ठेवून करावयाचे हे काम आहे, आणि या गोळ्यांच्या विक्री-वापरावर कायद्याचे निर्बंधही आहेत. तरीही ‘दोन गोळ्या पलंगाखाली टाका, सकाळी एकही राहणार नाही’ असा सल्ला आजही ऐकू येतो. या वायूवर उतारा नाही. दाराखालील फटीतून आणि भिंतींतील नळांच्या वाटेने तो शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर पोहोचतो. घरगुती कीटकनाशनाच्या नादात झोपेतच माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या बातम्या आपल्या राज्यातही आल्या आहेत. ज्या जीवाने आजवर एकाही माणसाला रोग दिल्याचे सिद्ध झाले नाही, त्याच्या भयाने घरात प्राणघातक वायू सोडणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. गोदामातील गोळी गोदामातच कुलुपात राहावी. व्यावसायिक फवारणी करावयाची झाली, तर परवानाधारकाकडूनच करून घ्यावी, औषधाचे नाव लेखी घ्यावे, आणि सांगितलेला काळ घर रिकामे ठेवून नंतर दारे-खिडक्या उघडाव्यात.

पडिलेहण

आता श्रावकासमोरील प्रश्न. सुरतेच्या पांजरपोळीविषयी परदेशी प्रवाशांनी मोठ्या कुतूहलाने लिहून ठेवले आहे. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाच्या प्रवासवर्णनात ढेकूण-पिसवांसाठीही तेथे सोय असल्याचा आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबास पैसे देऊन तेथे रात्रभर झोपवीत असल्याचा उल्लेख आहे. परकीयांनी हे काहीसे उपहासाने सांगितले, आणि त्यात अतिशयोक्ती किती हा प्रश्न आहेच. आज कोणी तो मार्ग सुचवणार नाही. मात्र आपल्या परंपरेने या बाबतीत दिलेली खरी शिकवण वेगळी आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

श्वेतांबर साधु-साध्वी सकाळ-संध्याकाळ आपली वस्त्रे व संथारा उलगडून, डोळ्यांखालून घालून पडिलेहण करतात. दिगंबर मुनी पिंछीने प्रतिलेखन केल्यावाचून बसत वा झोपत नाहीत. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना पाहणे. दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तर, न पाहता व न झाडता अंथरूण घालणे हा प्रोषधोपवास व्रताचा अतिचार म्हणून सांगितला आहे. सूत्रकारांचा हेतू जीवरक्षेचा होता. आजचे कीटकशास्त्र ढेकणांवरील पहिला उपाय म्हणून जे सांगते, ते नेमके हेच आहे: नियमित, डोळसपणे केलेली तपासणी.

यातील हिशेब चक्रवाढ व्याजाचा आहे. समजा, घरात दहा ढेकूण आले आणि त्यांची संख्या दरमहा दुप्पट होते. सहा महिन्यांनी ते सहाशे चाळीस होतील. पहिल्या आठवड्यात लक्ष गेले, तर दहांचाच प्रश्न. संकोचाने सहा महिने लोटले, तर सहाशेंचा, आणि त्यासोबत घरभर विषाचा. ज्याला हिंसा टाळावयाची आहे त्याने उशीर टाळला पाहिजे. यतना म्हणजे केवळ पाऊल जपून टाकणे नव्हे. जीवोत्पत्तीस व जीवघातास वावच राहू न देणे, हीही यतनाच. उपद्रव झाल्यावर गृहस्थाने काय व किती करावे, याबाबत आपापल्या गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे. उपद्रव न होऊ देण्याबाबत मात्र कोणाचेच दुमत असणार नाही.

त्यासाठी घरात सहज पाळता येतील अशा काही गोष्टी:

• प्रवासाहून, यात्रेहून किंवा वसतिगृहातून आल्यावर बॅगा शयनगृहात न नेता गच्चीत वा अंगणात उघडाव्यात. शिवणी व कप्पे पाहावेत. कपडे झाडून-पाहून मगच धुण्यास टाकावेत.

• दर पंधरा दिवसांनी, उदाहरणार्थ प्रत्येक चतुर्दशीस, गादीच्या कडा, खाटेचे सांधे, सोफ्याच्या खाचा आणि पेढीवरील लोड-तक्के टॉर्च घेऊन पाहावेत.

• खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, चादर जमिनीला टेकू देऊ नये. पायांखाली खोलगट वाट्या ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. गुळगुळीत वाटीत उतरलेल्या ढेकणाला वर चढणे अवघड जाते, अशक्य मात्र नाही. वाटी कोरडी ठेवली तर तो बुडतही नाही आणि घरात ढेकूण आहे हे तत्काळ कळते.

• गादीला पूर्ण बंद होणारी, चेन असलेली खोळ घालावी. भिंतीतील भेगा व लाकडातील फटी बुजवाव्यात. हा एकदाचा खर्च आहे.

• वैशाखातील उन्हावर फार विसंबू नये. ढेकूण व त्याची अंडी टिकत नाहीत ती साधारण पन्नास ते पंचावन्न अंश सेल्सिअसच्या सलग उष्णतेत. आपल्याकडे पारा त्रेचाळीसपर्यंत गेला तरी जाड गादीच्या आतला भाग थंड राहतो आणि ढेकूण तिच्या सावलीच्या बाजूस सरकतात. उन्हात टाकलेली गादी झाडून-तपासूनच आत आणावी.

• जुने फर्निचर विकत वा भेट घेताना सांधे पाहिल्यावाचून घरात आणू नये.

कार्तिकी पौर्णिमेच्या कचनेर यात्रेसारख्या प्रसंगी शेकडो यात्रेकरू एकाच छताखाली झोपतात. आपल्या समाजाच्या धर्मशाळा, भोजनशाळा, वसतिगृहे आणि पौषधशाळा चालवणाऱ्या विश्वस्तांनी अंथरुणांच्या तपासणीची एक साधी नोंदवही ठेवावी: तारीख, खोली, पाहणाऱ्याची सही. बँकेच्या शाखेत तिजोरी रोज मोजली जाते ती कोणावर संशय म्हणून नव्हे. मोजण्याची शिस्त असली की तफावत पहिल्याच दिवशी सापडते म्हणून. गाद्यांनाही तीच शिस्त लागू आहे.

आणि शेवटी संकोचाविषयी. ढेकूण आढळला तर ते शेजाऱ्यास, घरमालकास आणि ज्यांच्याकडे आपण उतरलो होतो त्यांना सांगावे. एकाच इमारतीतील एका घराने गुपचूप फवारणी केली, तर ढेकूण दुसऱ्या घरात जातात आणि महिन्याभराने परत येतात. चार घरांनी मिळून एकाच दिवशी तपासणी केली, तर थोडक्यात काम होते. हा जीव श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ असा भेद करीत नाही. येत्या चातुर्मासापूर्वी घराची आवराआवर होईलच. त्या वेळी एक टॉर्च हाती घेऊन आपल्या व आई-वडिलांच्या अंथरुणाचे पडिलेहण प्रत्येक घराने करावे, एवढीच विनंती.